एकशे तीस मीटर

चाक फळीवरून घसरून फटीत गेलं आणि दांड्यातून एक बारीक धक्का बुद्धभूषणच्या मनगटात शिरला. एवढंच झालं. असे धक्के दिवसातून पन्नास बसतात. भिवंडीचे फूटपाथ मोजायला निघालेल्या माणसाच्या मनगटाने तक्रार करायची नसते. मोजायचं चाक म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. लांब दांडा, खाली सायकलच्या चाकाचं धाकटं भावंड, बाजूला आकड्यांची डबी. लोटत चालायचं, मीटर भरला की डबी टक् करते. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षांच्या स्टँडपाशी त्याने आकडा शून्यावर आणला होता. तिथून दर दहा मीटरला थांबायचं, आडवी टेप धरायची, भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत रुंदी किती आणि त्यातली चालायला खरोखर मोकळी किती, असे दोन आकडे सांगायचे, आणि मृणालीने ते टॅबवर भरायचे. मृणाली मोजणीचं काम घेतलेल्या कंपनीतली इंजिनियर, पंचवीस-सव्वीसची. ती त्याला काका म्हणायची, तो तिला मॅडम म्हणायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. "काका, किती आलं?" तिने विचारलं. त्याने डबीत पाहिलं आणि म्हणाला, "एकशे तीस." मग वर पाहिलं. समोर निळं शटर होतं, वर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांच्या दुकानाची पाटी, आणि शटरखाली दोन पायऱ्या. त्यातल्या खालच्या पायरीवर पावणेदोन वर्षांपूर्वी त्याची बायको, कौसल्या, बसली होती. म्हणजे ती जिच्यात पाय अडकून पडली ती फट हीच. एका टेम्पोने फरशी फोडली होती, तिच्यावर कोणीतरी आता फळी टाकली होती, एवढाच काय तो फरक. त्याने पुन्हा डबीत पाहिलं. आकडा बदलला नव्हता.

"काका, टेप धरा ना," मृणाली म्हणाली. त्याने धरली. रुंदी एक मीटर वीस, मोकळी शून्य पंचावन्न. तोंडाने आकडे नीट सांगितले. तीस वर्षं ड्रॉइंगवर वाकून काढलेल्या माणसाचं तोंड असं आपलं आपण चालू राहतं, त्याला आतला माणूस जागेवर लागतोच असं नाही. आतला माणूस रिक्षा स्टँडपासून इथपर्यंत आणि इथून रिक्षा स्टँडपर्यंत येरझाऱ्या घालत होता. त्या दिवशी दोघं बाजारातून परतत होते. संघरत्नाच्या मुलीचं बारसं ठरत होतं. संघरत्ना म्हणजे त्यांची एकुलती लेक, कल्याणला दिलेली. कोणाकोणाला बोलवायचं ते तो सांगत चालला होता. तो पुढे, कौसल्या मागे, तिच्या हातात भाजीची पिशवी. "पंधराच माणसं बोलवू, उगाच पसारा नको, बरोबर ना?" असं त्याने विचारलं होतं. मागून काही आलं नाही, तेव्हा ते बरोबरच आहे असं धरून तो पुढे बोलत राहिला होता. जावयाच्या मोठ्या भावाला कसं टाळायचं, जेवण कुठून आणायचं, सगळं त्याने सविस्तर सांगितलं. रिक्षात बसला, आत सरकला, जागा केली आणि वळून म्हणाला, "बस." तिथे एक अनोळखी माणूस उभा होता, आणि तो बसला.

मग पळत मागे आला, तेव्हा ती या पायरीवर बसली होती. एक चप्पल पायात, दुसरी फटीत अडकलेली, भेंड्या रस्त्यावर पसरलेल्या. शेजारच्या चाळीतली, लूमवर काम करणाऱ्या कुणाची तरी बायको तिला पाणी देत होती. "भाभीजी गिर गयी, आप किधर थे?" त्या बाईने विचारलं, आणि बुद्धभूषण म्हणाला, "इधर ही था. दो कदम आगे." कौसल्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावता लावता त्याच्याकडे एकदा पाहिलं. बस, एकदाच. नंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. संघरत्नाला त्याने फोनवर सांगितलं, आई जरा घसरली, मी दोन पावलं पुढे होतो. जावयाला सांगितलं, दोन पावलं. सांगून सांगून त्याला ती दोन पावलं दिसूही लागली होती. आणि आता डबी सांगत होती, एकशे तीस मीटर. साध्या चालीने दोन मिनिटं. दोन मिनिटं हा माणूस भर रस्त्यात बोलत होता, आणि कोणाशीही नाही.

पुढे चालणं हे काही त्याचं एकट्याचं पाप नव्हतं, असं तो स्वतःला समजावू पाहत होता. त्याचा बाप, जानू, पुढे चालायचा. आई, सीताबाई, मागे. गणेशपुरीच्या अलीकडे त्यांचं गाव. गावातून स्टँडकडे जाणारी सरळ वाट होती, पण ती गावाची. त्यांच्या वस्तीची वाट भातशेतांच्या बांधावरून वळसा घालून जायची. आता तसं कोणी अडवत नाही, तेव्हा अडवायचे. बांध तो केवढा, वीतभर. त्यावर माणसं ओळीनेच चालणार. पुढचा काठी आपटत साप बघणार, मागची पोरं सांभाळणार, आणि बोलायचं ते पुढच्याच्या पाठीशी, नाहीतर न वळता मागच्याशी. बाप म्हणायचा, "पुढच्यानं साप बघावा, मागच्यानं पुढचा बघावा, मंग कोन हरवत न्हाय." लहानपणी बुद्धभूषणला ते फार शहाणपणाचं वाटायचं. त्या वाटेवर वाढलेली माणसं मग भिवंडीत आली, लूमला लागली, नोकऱ्यांना लागली, तरी मोठ्या रस्त्यावरही बांधावर असल्यासारखीच चालत राहिली. साप संपले, ओळ राहिली. पण बापाच्या म्हणण्यात एक बारीक खोट होती आणि ती कळायला त्याला चौपन्न वर्षं लागली. मागच्याने पुढचा बघायचा, हे ठीक. मागच्याला कोणी बघायचं?

सव्वीस वर्षं कौसल्या त्याच्या मागे चालली. म्हणजे तिचा चालतानाचा चेहरा त्याने पाहिलेलाच नव्हता. जेवतानाचा पाहिला होता, झोपेतला पाहिला होता, बाळंतपणातून उठलेला पाहिला होता; चालतानाचा नाही. तिचा आवाज मात्र पाठीला पाठ होता. ती मागून बोलायची, "अवो, ते बघा," आणि तो म्हणायचा, "हं." काय बघायचं होतं ते वळून पाहीपर्यंत मागे गेलेलं असायचं. कोणाच्या खिडकीत ठेवलेली तुळस असेल, बकरीची नवी करडं असतील, कोणाच्या दारावरचा नवा रंग असेल. हे सगळं तिने पाहिलं आणि त्याने हं म्हटलं. आता घरातून एकटा निघाला, की पाठीला तो आवाज नसल्याचं जाणवायचं. शर्ट मागून भिजला असावा तसं थंड लागायचं तिथे. चालता चालता अजूनही मधूनच त्याच्या तोंडून "हं" निघून जायचं आणि शेजारून जाणारा माणूस वळून बघायचा.

ती गेली म्हणजे काही भांडून गेली नव्हती. भांडून गेलेल्या बाईला आणता तरी येतं. पडल्यानंतर चार महिन्यांनी तिची आई, अकलोलीची बायजाबाई, अंथरुणाला खिळली. कौसल्या तिचं करायला गेली. दिवाळीनंतर म्हातारी गेली. कौसल्या म्हणाली, "घर आवरते आनी येते." आवरता आवरता वर्ष झालं. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला माणसं येतात, आंघोळ झाली की त्यांना भूक लागते. तिने आईच्या पडवीत चूल मांडली, भाकरी आणि पिठलं, मग भाकरी आणि सुकट, आणि आता म्हणे आगाऊ सांगून माणसं येतात. तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा ती चुलीपुढे बसलेली. तिने त्याला वाढलं, वारा घातला, डब्यात सुकटीची चटणी बांधून दिली, आणि एसटीची वेळ झाल्याचं स्वतःच सांगितलं. "कधी येतेस?" असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि तेच त्याला नको होतं.

"काका, इथे बघा," मृणाली ओरडली. ती पुढे गेली होती. बंद असलेल्या एका कारखान्याची लांबलचक भिंत तिथे सुरू होत होती आणि भिंतीलगत फूटपाथ अगदी स्वच्छ, सलग पसरला होता. ना टपरी, ना मोटारसायकल, ना पायरी. त्याने टेप धरली. मोकळी रुंदी एक ऐंशी. पुढे दहा मीटरवर एक ऐंशी, त्याच्याही पुढे एक ऐंशी. "परफेक्ट," मृणाली म्हणाली, "काका, नियमाप्रमाणे अख्ख्या नाक्यावर एवढाच तुकडा पास." बुद्धभूषण भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला. डाव्या बाजूला आणखी एका माणसाची जागा होती. जागा म्हणजे नुसती हवा, पण त्याला तिथे भाजीची पिशवी दिसली, पिशवी धरलेला हात दिसला. हाताच्या वर चेहरा असायला हवा होता, तो काही केल्या येईना. तीस मीटर. तीस मीटर शेजारी शेजारी चाललं तर अर्धं मिनिट तो चेहरा दिसेल. त्याला एवढंच पाहिजे होतं, आणि ते इतकं पाहिजे होतं की टेप गुंडाळायचं राहून गेलं.

संध्याकाळी त्याने फोन लावला. "कौसल्या, एक जागा सापडलीय," तो म्हणाला. "कसली जागा? भाड्यानं?" मागे भांड्यांचा आवाज येत होता. "चालायची," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच ओशाळला. पलीकडे ती हसली. "तुमचं डोकं बरं हाय ना?" म्हणाली. मग म्हणाली, "मंगळवारी मी येनारच हाय भिवंडीला. टोप घ्यायचा हाय मोठा. शनवार-रविवार माणसं वाढलीत, हा पुरत न्हाय." मोठा टोप. फोन ठेवल्यावरही त्या टोपाचा आकार त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. परत यायचं असलेली बाई मोठा टोप घेत नाही. तरी सोमवारी त्याने घर झाडलं, चादर बदलली, आणि मंगळवारी सकाळी बाजारातून ओले बोंबील आणून, निवडून, धुऊन, मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये ठेवले. तिच्या हातच्या बोंबलांसाठी की तिने थांबावं म्हणून, हे बोंबलांनाही कळलं असतं.

मंगळवारी अकराला ती नाक्यावर उतरली. हिरवी साडी, केस जरा जास्त पिकलेले, चेहरा चुलीवर रापलेला आणि त्याला अनोळखी वाटेल इतका निवांत. टोप घेतला, अॅल्युमिनियमचा, दोन कानांचा, वीस-पंचवीस माणसांचा भात होईल असा. तो त्याने आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, "चल, दाखवतो." कारखान्याच्या भिंतीशी पोहोचला आणि जागच्या जागी थांबला. भिंतीलगत कापडाच्या गाठी रचल्या होत्या, छातीएवढ्या. गाठींना लागून दोन हातगाड्या, हातगाड्यांना लागून एक टेम्पो, अर्धा वर चढवलेला. हमाल ओरडत होते, "ए चाचा, बाजू!" त्यांच्यामधून एका माणसाला तिरकं होऊन जाता येईल एवढी फट राहिली होती. आतून कुठूनतरी लूमचा खडखडाट येत होता. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मोजलं होतं शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद, गोदामं बंद, हमाल घरी. "शुक्रवारी मोजू मॅडम, रस्ता मोकळा मिळतो," असं त्यानेच मृणालीला सांगितलं होतं. जन्म भिवंडीत गेला, आणि भिवंडीचा फूटपाथ त्याने सुट्टीच्या दिवशी मोजला. ते सगळे आकडे आता पुन्हा घ्यावे लागणार होते, पण ते मृणालीला नंतर सांगता आलं असतं. कौसल्याला काय सांगायचं?

"हीच का जागा?" तिने विचारलं. "शुक्रवारी होती," तो म्हणाला, "एक ऐंशी होती." टोप दोन्ही हातांत धरून तो गाठींकडे बघत उभा राहिला, जणू कोणीतरी त्या मुद्दाम त्याच्यासाठी आणून टाकल्या होत्या. कौसल्याच्या तोंडावर हसू आलं, पण ते वेडावणारं नव्हतं. "कशासाठी पायजे व्हती?" "तू आणि मी," तो म्हणाला, "शेजारी शेजारी चालायला." पन्नाशी उलटलेल्या माणसाने हातात टोप घेऊन भर रस्त्यात सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, पण सांगून झाली होती. तिने पदर खांद्यावरून पुढे ओढला. मग तिने सहज विचारलं, "दोघांना शेजारी चालायला किती लागतं वो?"

"एकशे वीस," तो म्हणाला. कामातला प्रश्न आल्यावर त्याला जरा बरं वाटलं. "सेंटिमीटर. ऐसपैस म्हटलं तर दीडशे."

"आनी आपल्या घरापुढचा बोळ किती हाय?"

तो बोळ त्याने स्वतः मोजला होता. गटाराच्या कामाच्या वेळी, संघरत्ना दहावीला होती तेव्हा, अख्ख्या बोळाला गोळा करून त्याने आकडा सांगितला होता आणि कौसल्याही दारात उभी होती. आठवत नाही असं म्हणता आलं असतं. पण आकडा विचारला की खरा सांगायचा, एवढी एकच सवय त्याने आयुष्यभर पाळली होती, दोन पावलांचा अपवाद सोडून. "एकशे पस्तीस," तो म्हणाला.

तो बोळ त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, दाराच्या पायरीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत. सव्वीस वर्षं, दिवसातून निदान एकदा. तिथे साप नव्हता, टेम्पो नव्हता, गाठी नव्हत्या. दोघं मावत होते आणि वर पंधरा सेंटिमीटर उरत होते. तो पुढे चालला होता कारण तो पुढे चालला होता, याला दुसरं कारणच नव्हतं, आणि इतके दिवस तो नाक्यावरच्या फरशांना जबाबदार धरत होता. त्याला फार लाज वाटली. ती लाज अंगावर असतानाच तो म्हणाला, "त्या दिवशी मी दोन पावलं पुढे नव्हतो. एकशे तीस मीटर होतो. चाकाने मोजलं."

"मला ठाऊक हाय," कौसल्या म्हणाली. "मी खाली बसून बघत व्हते ना. बोलताना तुमचा उजवा हात हलत व्हता. त्या स्टँडच्या गर्दीत शिरेपर्यंत दिसत व्हता."

"मग हाक मारायची ना!"

"मारली," ती म्हणाली. "पडल्या पडल्या मारली. तुम्ही हं म्हनालात."

एक हमाल गाठ पाठीवर घेऊन आला, दोघं बाजूला झाले. तिच्या बोलण्यात राग असता तर त्याने तो अंगावर घेतला असता. पण तिने ते टोपाची किंमत सांगावी तसं सांगितलं होतं. तिने आभाळाकडे बघून उन्हाचा अंदाज घेतला. "चला, एसटी जाईल माझी," म्हणाली आणि जागेवरच उभी राहिली. त्याला समजेना ती का थांबली. मग समजलं. त्याने पुढे व्हावं म्हणून ती थांबली होती. पाय आपोआप उचललाही गेला होता, तो त्याने खाली ठेवला. "तू हो पुढे," तो म्हणाला. "अवो, टोप घेऊन मागं कुठं रखडता?" "तू हो पुढे, कौसल्या." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्या दिवशी ग्लासाआडून पाहिलं होतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ, आणि चालू लागली.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बुद्धभूषणने आपल्या बायकोची पाठ पाहिली. मानेवर एक तीळ होता. पदराचं टोक तिने कमरेला खोचलं होतं. आणि तिचा उजवा पाय वाकडा पडत होता. फार नाही, टाच टेकताना बाहेरच्या बाजूला कलायची आणि दर पावलाला कमरेत एक हिसका बसायचा. आधी त्याला वाटलं, चप्पल झिजली असेल. चप्पल नवी होती. मग निळं शटर आलं, ती फळी आली, आणि तिथे ती पाऊल टाकण्याआधी थांबली, हाताने शटरच्या चौकटीचा आधार घेतला आणि जपून फळीपलीकडे गेली. तेव्हा त्याला सगळं कळलं. पडल्यानंतर चार महिने ती त्याच्याच घरात होती. पण दहा बाय बाराच्या खोलीत माणूस चालत नाही, नुसता वळतो. आणि बाहेर पडली की तो पुढे असायचा. अकलोलीला ती चुलीपुढे बसलेली. पावणेदोन वर्षं ती लंगडत होती आणि जगात तिच्या पाठीमागून चालणाऱ्या सगळ्या परक्या माणसांना ते ठाऊक होतं. त्याला हाक मारावीशी वाटली. पण तो तिच्या पायावर नजर ठेवून चालत राहिला. ती मधे एका पायरीशी अडखळली तेव्हा टोप एका हातात घेऊन त्याने दुसरा हात पुढे केला. तिने तोल सावरला, तिला तो हात दिसलाही नाही, आणि दिसला नाही याचं त्याला वाईट वाटलं नाही. "अवो, ते बघा," ती पुढून म्हणाली आणि बोट दाखवलं. त्याने पाहिलं. एका खिडकीत, लोखंडी जाळीतून बाहेर, कोणीतरी भोपळ्याचा वेल सोडला होता आणि त्याला एक पिवळं फूल आलं होतं. "पिवळं फूल आलंय," तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे तिला कळावं की पाहिलं. पुढे चालता चालता तिची मान हलली.

स्टँड आला. ती रिक्षात चढली, वाकताना उजव्या पायाला हाताने जरा वर उचलून घेतलं, आत सरकली, जागा केली आणि वळली. तो तिथे होता. टोप पोटाशी धरून, घामाघूम, दोन पावलांवर. तिने त्याच्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "एसटी स्टँड. दो सीट." मग त्याला म्हणाली, "बसा."

बुद्धभूषणला फ्रिजमध्ये मीठ-हळद लावून ठेवलेले बोंबील आठवले. तो बसला.